कॉफीच्या नावे पडलेली रक्कम

काहीही बिघडलं की ज्यांच्याकडे आधी बोट जातं अशा या जगात दोनच गोष्टी आहेत. एक बँकेतला कारकून आणि दुसरी कॉफी. खात्यात पैसे कमी निघाले, कारकुनानं घोळ केला. छातीत धडधडलं, कॉफीनं केलं. मागाहून पासबुक पाहिल्यावर कळतं की पैसे खुद्द चिरंजीवांनीच एटीएममधून काढले होते. पण तोवर चारचौघांत कारकुनाची शोभा झालेली असते. कॉफीचं पासबुक मात्र कोणी उघडूनसुद्धा पाहत नाही. मी पडलो बी.कॉम. वीस वर्षं दुसऱ्यांची खाती जुळवण्यात गेली. म्हटलं, एकदा कॉफीचंही खातं तपासून पाहावं. गेल्या पाचशे वर्षांत तिच्या नावे काय काय पडलं, आणि त्यातलं खरं किती?

तपासणीला बसण्याआधी आमच्या मुलखाची थोडी ओळख करून देतो. नांदेड काय आणि लातूर काय, हा मूळचा चहाचा मुलूख. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. निजाम गेला, चहा राहिला. मोंढ्यात, कचेरीत, एस. टी. स्टँडवर, लातूरच्या गंजगोलाईत, जिथं दोन माणसं उभी तिथं अर्धा-अर्धा चहा हा ठरलेलाच. कॉफी आमच्याकडे सून म्हणून आलीच नाही. ती आली पाहुणी म्हणून. मुलगी पाहायला मंडळी यायची असली, घरात कोणी तापातून उठलेलं असलं, किंवा थोरल्याची बारावी असली, की कॉफीचा डबा फळीवरून खाली यायचा. शिवाय चातुर्मासात चहा सोडणाऱ्या बायका होत्या. त्या चार महिने मोठ्या निग्रहानं चहा सोडत आणि तितक्याच निग्रहानं दोन्ही वेळा कॉफी घेत. देवाला त्यागाशी मतलब. पुढं कपात काय आहे ते तो बघत नाही.

नांदेडच्या आमच्या घरी आजीची कॉफी म्हणजे एक विधी होता. पातेल्यात पाणी आणि साखर, वर दोन चमचे कॉफीची पूड, मग खळखळून उकळी, मग दूध, वर जायफळ, आणि शेवटी सगळं मलमलच्या फडक्यातून गाळायचं. ते फडकं धुऊन धुऊन असं तपकिरी झालेलं की पाहुण्यांना वाटावं, कॉफी यातच मुरवून ठेवलेली आहे. हे फडकं ध्यानात ठेवा. पुढं त्याची साक्ष काढायची आहे. आजी तिला ‘कॉपी’ म्हणायची. आमच्याकडे अजून पुष्कळ लोक तसंच म्हणतात. त्यामुळं २०१० च्या सुमारास नांदेड जिल्ह्यात परीक्षेतल्या कॉपीमुक्तीची मोहीम निघाली, तेव्हा आमच्या एका मावशीनं निश्चिंतपणे विचारलं होतं, “अन् चहाला परवानगी आहे ना?”

आता मूळ आरोपीची कुळकथा. कॉफी हिंदुस्थानात कशी आली याची जी आख्यायिका सांगतात ती अशी: सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे एक सूफी साधू मक्केच्या यात्रेला गेले आणि येताना येमेनमधल्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले. अरबांनी उगवणारं बी बाहेर जाऊ न देण्याचा चोख बंदोबस्त ठेवला होता. त्या सात बिया बाबांनी आजच्या चिकमगळूर जिल्ह्यातल्या डोंगरात लावल्या, आणि त्या डोंगराला आज बाबा बुदनगिरी म्हणतात. म्हणजे आपल्याकडच्या कॉफीचा जन्मच मुळी परवान्याशिवाय झालेला. पुढं तिच्यावर संशय घेतला गेला यात नवल ते काय!

आपल्या मुंबईचाही या कुळकथेत वाटा आहे. पोलसन हे नाव जुन्या मंडळींना लोण्यामुळं आठवतं. पण पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थांनी धंदा मांडला तो कॉफी भाजून-दळून विकण्याचा. लोणी मागाहून आलं. चिकोरी मिसळलेली त्यांची ‘फ्रेंच कॉफी’ मराठी मध्यमवर्गाच्या घरोघर पोचली. एकाच घराण्याचं लोणी आणि कॉफी. आणि पुढं दोघांनाही हृदयाच्या कोर्टात पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. योग म्हणतात तो हा.

कॉफीवरचे पहिले आरोप मात्र हृदयाचे नव्हते, ते नीतीचे होते. १५११ साली मक्केत खैर बेग नावाच्या अधिकाऱ्यानं धर्मपंडित आणि हकीम यांची सभा भरवली. हकिमांनी सांगितलं, हे पेय अपायकारक आहे. कॉफीला बंदी झाली, साठे जाळले. पण वर कैरोला सुलतान बसला होता, त्यानं तो हुकूम फिरवला. तो सुलतान स्वतः कॉफीचा षौकीन असावा, असा मला कारकुनी संशय आहे. वरिष्ठांच्या आवडीची वस्तू बंद करणारं परिपत्रक टिकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं १६७५ च्या डिसेंबरात कॉफीगृहं बंद करण्याचा जाहीरनामा काढला. तिथं बसून लोक सरकारला नावं ठेवतात, ही त्याची तक्रार होती. लंडनमध्ये असा गहजब झाला की अंमल सुरू होण्याआधीच जाहीरनामा मागं घ्यावा लागला. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला दुःख होतं ते परदेशी जाणाऱ्या पैशाचं. प्रजेनं कॉफी सोडून बिअर प्यावी असं त्यानं १७७७ साली फर्मावलं, आणि पुढं तर चोरून कॉफी भाजणारे पकडण्यासाठी निवृत्त सैनिक गल्लोगल्ली वास घेत फिरवले. नाकावर चालणारं हे खातं मला फार आवडलं. अशी नेमणूक आपल्याकडे निघाली तर आमच्या शाखेतून चौघे तरी पहिल्या यादीत लागतील. वरच्या मजल्यावर कोणाचा डबा उघडला हे ते खालून सांगतात.

स्वीडनच्या तिसऱ्या गुस्ताव्ह राजाची तर गोष्टच वेगळी. सांगतात की कॉफी विष आहे हे सिद्ध करायला त्यानं फाशीच्या दोन कैद्यांना जीवदान दिलं. अट एकच: एकानं जन्मभर रोज कॉफी प्यायची, दुसऱ्यानं चहा. देखरेखीला दोन डॉक्टर. आधी एक डॉक्टर गेला, मग दुसरा गेला. राजावर १७९२ साली नाचाच्या समारंभात गोळी झाडली गेली आणि तोही गेला. कैदी आपले पीतच राहिले, आणि त्यांच्यातही आधी गेला तो चहावाला! इतिहासकार या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मलाही ठेवता येत नाही, पण सोडवतही नाही.

आपण मराठी माणसं या बाबतीत मागं होतो असं समजू नका. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी शहरातल्या बड्या मंडळींना व्याख्यानाला नेलं आणि मिशनऱ्यांचा चहा त्यांच्यापुढं आणवला. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. मग ती बातमी गोपाळरावांनीच फोडली, आणि पुण्यात जे ग्रामण्य माजलं ते शंकराचार्यांपर्यंत गेलं. बहिष्कार, चौकशी, प्रायश्चित्त, सगळं झालं. एका कप चहानं इतकी मोठी माणसं संकटात पडली. पण त्या सगळ्या गदारोळात त्या चहानं कोणाची छाती धडधडली का, असं कोणी विचारल्याचं दिसत नाही. तेव्हा धोका होता तो जातीला. हृदय हा अवयव अजून चर्चेत आला नव्हता.

आणि गंमत अशी की हृदय रक्ताला अंगभर फिरवतं हे ज्यानं १६२८ साली ग्रंथ लिहून जगाला पटवलं, तो विल्यम हार्वे स्वतः कॉफी पिणारा होता. लंडनमध्ये कॉफीगृहांची टूम निघण्याच्या आधीपासून तो पीत होता असं त्याला ओळखणाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. त्या काळात तो ऐंशीच्या घरात पोचला. हृदयाच्या या आद्य तपासनिसाला कॉफीच्या खात्यात काही आक्षेपार्ह दिसलं नव्हतं.

आक्षेप निघाला विसाव्या शतकात, आणि मोठा निघाला. १९७२ आणि १९७३ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांनी इस्पितळांतल्या रुग्णांना ‘तुम्ही कॉफी किती घेता’ असं विचारून हिशेब मांडला. हृदयविकाराचा झटका आलेले लोक इतरांपेक्षा जास्त कॉफी पिणारे निघाले. दिवसाला सहा कप किंवा जास्त घेणाऱ्यांचा धोका दुपटीच्या आसपास. झालं! जगभरच्या वर्तमानपत्रांनी कॉफीचं खातं गोठवून टाकलं.

ज्या वर्षी आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला, त्याच १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात एक काम सुरू झालं होतं. पाच हजारांवर धडधाकट माणसं निवडायची, त्यांना दर दोन वर्षांनी तपासायचं, आणि कोणाला हृदयविकार होतो, का होतो, याची चोपडी ठेवायची. म्हणजे झटका आल्यावर उलटतपासणी घ्यायची नाही. आधीपासून नोंदी ठेवायच्या. बँकेच्या भाषेत सांगायचं तर अफरातफर झाल्यावर चौकशी करणं वेगळं आणि रोजच्या रोज कीर्द लिहिणं वेगळं. १९७४ साली फ्रॅमिंगहॅमवाल्यांनी आपली चोपडी उघडली आणि दाखवलं की सिगारेटचा हिशेब वेगळा काढला तर कॉफीच्या नावे काही उरतच नाही. कॉफी जास्त पिणारे लोक सिगारेटीही जास्त ओढत होते. गुन्हा सिगारेटचा, नाव कॉफीचं! आमच्याकडे याला चुकीच्या खात्यात पडलेली नोंद म्हणतात, आणि अशा नोंदीपायी कारकुनाची वेतनवाढ रोखतात.

हे वाचताना मला आमच्या लातूरच्या शाखेतले हेडकॅशियर दिसायला लागले. माणूस रोखीला एका पैशानं न चुकणारा. पण रोज अकराला आणि चारला खाली टपरीवर अर्धी कॉफी आणि तिच्या जोडीला एक सिगारेट, हा नेम तिजोरीच्या किल्लीसारखा सांभाळलेला. एके दिवशी काउंटरवर बसल्या बसल्या त्यांच्या छातीत दाटून आलं, डावा हात जड झाला, कपाळावर घाम. आम्ही विचारलं तर म्हणाले, “काही नाही हो, पित्त आहे. सकाळपासून तीन कॉफ्या झाल्यात, दुसरं काय!” मग एकानं सोडा आणला, दुसऱ्यानं आल्याचा रस सुचवला, तिसऱ्यानं कॉफीचे दुष्परिणाम सांगितले. दोन तास गेले. शेवटी शिपायानं, त्या शाखेतल्या एकमेव शहाण्या माणसानं, त्यांना उचलून रिक्षात घातलं. रक्तवाहिनी बंद झाली होती. स्प्रिंग बसवली, माणूस वाचला. महिन्यानं कामावर आले ते मोठा निर्धार करूनच. “आजपासून कॉफी बंद!” आणि चारला खाली गेले. सिगारेटीला.

पुढं त्यांची तीही सुटली, पण त्यासाठी वहिनींना त्यांच्या शर्टाच्या खिशावर फ्रेडरिक राजाचं खातं चालवावं लागलं.

कॉफी सगळ्याच आरोपांतून निर्दोष सुटली असं मात्र नाही; ऑडिटरनं पक्ष घेऊ नये. १९८३ साली नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या ट्रॉम्सो गावातून अहवाल आला. तिथल्या चौदा हजारांवर माणसांची तपासणी केली तेव्हा जितकी कॉफी जास्त तितकं रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त असं आढळलं. ही नोंद मात्र खरी निघाली. खोलात गेल्यावर कळलं, तिकडचे लोक भरड पूड पाण्यात उकळतात, गाळ खाली बसू देतात आणि वरची कॉफी न गाळता तशीच पितात. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदी गाळणीतून कॉफी गाळली तर ते कागदातच अडकतं.

उकळायची म्हणजे आमच्या आजीचीच रीत की! मला जरा धाकधूक वाटली. पण २०२५ साली स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी कचेऱ्यांतल्या यंत्रांची कॉफी तपासली. पुष्कळ यंत्रांच्या कॉफीत कागदातून गाळलेल्या कॉफीपेक्षा हे द्रव्य किती तरी जास्त निघालं, आणि उकळलेल्या कॉफीत तर त्याहूनही जास्त. मात्र तीच उकळलेली कॉफी कापडातून गाळली, तर बहुतेक सगळं द्रव्य कापडात राहिलं. आता काढा त्या तपकिरी फडक्याची साक्ष! जे फडकं फेकून द्यावं म्हणून आम्ही नातवंडं आजीच्या मागं लागत होतो, ते घरातलं हृदयरोगाचं खातं सांभाळत होतं. आपल्याकडच्या डबीतल्या झटपट कॉफीत हे द्रव्य नावालाच असतं, तेव्हा तिच्यासाठी फडकं शोधत बसू नका.

त्यानंतरची जमेची बाजू पाहा. २०१७ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१ अभ्यास-संकलनांचा एकत्र आढावा छापून आला. रोज तीन-चार कप पिणाऱ्यांत हृदयविकारानं दगावण्याचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. आता धडधाकट माणूसच कॉफी जास्त पितो की कॉफीमुळं तो धडधाकट राहतो, हे अशा आढाव्यावरून ठरत नाही. म्हणून औषध समजून कोणी प्यायला सुरुवात करू नये. २०२५ साली तर हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या दोनशे रुग्णांवर प्रयोगच झाला. विजेच्या हलक्या झटक्यानं ठोके ताळ्यावर आणायचे, मग निम्म्यांनी रोज निदान एक कप कॉफी घ्यायची आणि निम्म्यांनी पूर्ण सोडायची. सहा महिन्यांत सोडणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांचा आजार उलटला, पिणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांचा. ज्या धडधडीच्या भीतीनं पिढ्यान्‌पिढ्या कॉफी बंद करायला सांगितली, तिथंच तिनं ही साक्ष दिली.

तरी मर्यादा आहेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या वर नको. १५० मिलिलिटर झटपट कॉफीत ते ५० ते ६५ मिलिग्रॅम असतं. आणि जेवणाआधी एक तास, जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको, कारण अन्नातलं लोह अंगी लागत नाही. निजाम जाऊन इतकी वर्षं झाली तरी आमचं चहापाणी अजून हैदराबादच्या हुकुमानं चालायचं आहे! जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये आणखी एक इशारा दिला: ज्यांचा रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून वर आहे, त्यांच्यात रोज दोन किंवा अधिक कप कॉफी घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघातानं होणारे मृत्यू दुपटीच्या आसपास आढळले. अशा मंडळींनी आणि गरोदर बायकांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच कप उचलावा.

मात्र आपल्या कपातली सगळ्यांत मोठी रक्कम कॉफीची नसतेच, ती साखरेची असते. एका कपात दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम. पाच कपांना पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली दिवसभराची जी वरची मर्यादा सांगितली ती साधारण एवढीच, आणि अजून जेवण, पेढे, लग्नातली जिलेबी जमेस धरलेली नाही. वर्षाकाठी ही साखर सव्वाअठरा किलो होते. आमच्या लातूरला हा हिशेब जास्तच झोंबावा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, ते याच गावात; आणि घोटभर पाण्याला महाग असलेल्या याच मुलखात ऊस मात्र दिमाखात उभा असतो. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुण्याला पाण्याचा तांब्या देताना हात आखडायचा, पण कॉफीत साखर घालताना आखडल्याचं मी पाहिलं नाही.

तेव्हा माझा तपासणी अहवाल एवढाच. कॉफीच्या नावे पडलेल्या रकमेतली मोठी रक्कम सिगारेटच्या खात्यात वळती करावी, तंबाखूची त्यातच धरावी. दुसरी साखरेच्या नावे टाकावी, तिसरी जागरणाच्या. उरलेली किरकोळ बाकी फडक्यातून गाळून घ्यावी.

आणि एक नोंद ताबडतोबीची. छातीत दाटून आलं, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ निघाली, दरदरून घाम सुटला, तर पित्त की कॉफी याचा निकाल घरी लावत बसू नका. १०८ ला फोन करा, आपल्या राज्यात २०१४ पासून ही गाडी फुकट येते. सोडा आणू नका, आल्याचा रस काढू नका, आणि कोणी कॉफीचे दुष्परिणाम सांगायला लागला तर त्याला गाडीला वाट करून द्यायला रस्त्यावर उभं करा. बँकेत चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. इथं दुसरा दिवस मिळेल याची हमी कोणतीच शाखा देत नाही.